पहिली काच, दुसरी काच

दोघींच्या वयात अंतर जेमतेम आठवड्याचं, पण तेवढ्यावरून एकीला जन्मभर थोरली व्हावं लागलं आणि दुसरीला धाकटी म्हणून मिरवता आलं. दोघी मावसबहिणी. त्यांच्या आयांनी घरंसुद्धा एकाच मजल्यावर, समोरासमोर घेतलेली. त्यामुळे या दोघींना एकमेकींपासून सुट्टी अशी कधी मिळालीच नाही.

थोरली मनाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोणी आजारी पडलं की उशाशी बसणारी, कोणाचं सामान उचलायला पुढे होणारी, अशीच ती. फक्त धाकटीचं काही चांगलं झालं की तिच्या पोटात दुखायचं. खरोखर दुखायचं. आई बिचारी गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची आणि थोरली ती मुकाट्याने पोटावर धरून बसायची. खरं कारण सांगायची सोय नव्हती.

लहानपणी मावशीने एकाच ताग्यातून दोघींना निळे फ्रॉक शिवले होते. थोरलीने आपला अंगात घातला, धाकटीकडे बघितलं आणि भोकाड पसरलं, "तिचा जास्त निळा आहे!" आईने समजावलं, मावशीने समजावलं, शेवटी फ्रॉकची अदलाबदल झाली. बटणं लावून होतात न होतात तोच पहिला फ्रॉक जास्त निळा दिसायला लागला. धाकटीने एक शब्द न बोलता पुन्हा फ्रॉक काढून दिला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हा किस्सा ऐकवला जायचा आणि सगळे पोट धरधरून हसायचे. थोरलीही हसायची, पण दात दाखवण्यापुरतीच.

डोळे तपासण्याचं शिक्षण घ्यायचं हे थोरलीने आधी ठरवलं. धाकटी मागून आली, त्याच वर्गात बसली आणि गुण मात्र जास्त घेऊन गेली. नोकरीही दोघींना एकाच चष्म्याच्या दुकानात लागली. शेजारशेजारच्या दोन अंधाऱ्या खोल्या, मध्ये पातळ भिंत. पलीकडे धाकटीचा पेशंट हसला की अलीकडे थोरलीच्या कपाळावर आठी पडायची. आपल्या खोलीत कसं कोणी हसत नाही? आता डोळे तपासताना हसण्यासारखं काय असतं म्हणा, पण हे तिला कोण सांगणार!

कामात मात्र ती पक्की होती. पेशंटच्या नाकापुढे काचांचं यंत्र आणायचं, समोर अक्षरांची पाटी उजळायची आणि एकेक काच फिरवत विचारायचं, पहिली बरी की दुसरी? माणसं काय घाबरतात या प्रश्नाला! परीक्षेला बसल्यासारखी घाम पुसतात. काहीजण तर तपासणाऱ्याला बरं वाटावं म्हणून ठोकून देतात, दुसरी, दुसरी छान. अशांसाठी थोरलीकडे एक युक्ती होती. यंत्र नुसतं खटकन वाजवायचं, काच तीच ठेवायची आणि पुन्हा विचारायचं. तरीही "दुसरी छान" म्हणाला, की ओळखावं, हा गडी डोळ्यांनी बघतच नाहीये. आणि ज्या क्षणी माणूस वैतागून म्हणतो, "दोन्ही सारख्याच दिसताहेत हो," तेव्हा त्याचा नंबर बरोबर लागलेला असतो. ही युक्ती तिनेच धाकटीला शिकवली होती. शिकवल्यावर महिनाभर पस्तावलीही होती.

एक दिवस दुकानाच्या मालकांनी दोघींना बोलावलं. "दोन नवीन दुकानं उघडतोय. एक समुद्रावरच्या त्या मोठ्या शहरात, एक नदीकाठच्या. दोघींनाही पाठवतोय. पगार सारखा, काम सारखं. कोणी कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, माझ्या टेबलावर भांडण नको."

यात ठरवायचं काय होतं? थोरलीच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. बंदर, उंच क्रेन आणि एक पांढरंशुभ्र जहाज. शाळेत असल्यापासून ती सांगत आली होती, मी मोठी झाले की इथे राहणार. माझं जहाज, माझा समुद्र. घरच्यांना ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. आता धाकटी आडवी आली तर काय काय ऐकवायचं, याची तयारी ती घरी येईपर्यंत करत होती. जिना चढून वर आली तर धाकटी आपल्या दाराचं कुलूप उघडत उभी.

"मला विचारशील तर मी नदीवर जाईन म्हणते," धाकटी म्हणाली.

इथे थोरलीने उडी मारायला हवी होती. तयार केलेलं भाषण तसंच घशात राहिलं आणि तोंडातून निघालं, "का?"

"असंच. शांत गाव आहे म्हणे. सायकलवरून कामावर जाता येतं. दुपारी लोक घरी जाऊन जेवतात."

झालं! थोरलीचं जेवणावरून लक्ष उडालं. सायकलवर बसलेली, झाडांच्या सावलीतून चाललेली धाकटी तिच्या डोळ्यांत खुपायला लागली. हिला काहीतरी कळलेलं दिसतंय. उगाच का कोणी समुद्र सोडतं? दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर चित्रातलं जहाज तिला पहिल्यांदाच पिवळट दिसलं. खारी हवा, गंजलेले गज, माणसांचा चिखल. धाकटीने दुकानात पर्स खाली ठेवायच्या आत थोरली मालकांसमोर उभी होती.

"सर, नदीवर मी जाते."

"अगं, आणि तुझं ते जहाज?" मागून धाकटीने विचारलं.

"जहाजंबिहाजं लहानपणी आवडतात."

धाकटीचा चेहरा पडला. "बरं बाई. मग मी जाते समुद्रावर. काय करणार." तो पडलेला चेहरा बघून थोरलीच्या काळजात इतका गारवा पसरला की तिने त्या दिवशी प्रत्येक पेशंटशी गोड बोलून त्यांना चकित केलं.

गारवा टिकला नाही. वडिलांना घेऊन ती नदीवरच्या शहरात खोली बघून आली. खोली चांगली होती. एका निवृत्त शिक्षिकेच्या घराचा वरचा मजला, दोन खिडक्या, एक नदीकडची आणि एक लाकडाच्या वखारीकडची. परत आल्यावर तिने नावं ठेवायला सुरुवात केली. नदीला चिखलाचा वास येतो. वखारीचा भुसा उडून घरात येतो. मालकीणबाई फार चौकशा करतात. सायकल चालवायची तर रस्ता चढाचा आहे. तिकडे समोरच्या घरात मात्र उत्साहाला ऊत आला होता. समुद्रावर वारा असतो म्हणून मावशीने धाकटीला नवं जाकीट घेतलं. मामा म्हणाले, आता सुट्टीत तुझ्याकडेच येणार बघ. मामी म्हणाल्या, आम्हीपण. थोरलीकडे यायचं कोणाच्याच मनात आलं नाही. मामा तर तिच्या तोंडावर म्हणाले, "नदी काय, नदी कुठेही असते!" थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. कपाटाच्या दारावरचं जहाज एव्हाना पुन्हा पांढरंशुभ्र झालं होतं. तिने कपाट उघडायचंच टाळलं. कपडे खुर्चीवर साचायला लागले.

दुकानातल्या शेवटच्या दिवशी मालकांनी दोघींना एकेक नवा चष्मा भेट म्हणून देऊ केला. दुपारी गर्दी ओसरल्यावर धाकटी थोरलीचा नंबर काढायला बसली. खोलीत अंधार, यंत्र नाकापुढे. थोरलीला फक्त पाटीवरची अक्षरं दिसत होती आणि धाकटीचा आवाज ऐकू येत होता.

"पहिली बरी की दुसरी?"

"दुसरी."

यंत्र खटकन वाजलं. "आता?"

"दुसरीच. चांगली स्वच्छ दिसतेय."

"दोन्ही एकच होत्या," धाकटी म्हणाली.

थोरलीचे कान तापले. "माझीच युक्ती माझ्यावर? लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर सांगतेय." धाकटीने यंत्रावरचा हात काढला. "शहरांचंही मी तेच केलं. मला नदी नकोच होती. मी नाव घेतलं की तू झडप घालणार, हे मला माहीत होतं. समुद्र मलाच हवा होता गं. तू ते चित्र चिकटवलंस त्या दिवसापासून. सारखं आपलं माझं जहाज, माझा समुद्र! माझ्यासाठी काही ठेवलंच नव्हतंस तू. तुला काय वाटतं, तुझ्या एकटीच्याच पोटात दुखतं?"

आधी थोरलीला संताप आला. यंत्र बाजूला ढकलून हिच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. पण पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं, उबदार आणि गोड. हिला आपला हेवा वाटत होता. इतकी वर्षं! गुण हिचे जास्त, हसणारे पेशंट हिचे, आणि जळत होती ती आपल्यावर. थोरलीच्या आयुष्यात तिला इतकं सुंदर कोणी काही बोललं नव्हतं.

"मला चैन पडत नाहीये," धाकटी म्हणाली. "आत्ता सांगितलं तर सर बदलून देतील. बदलायचं?"

नको, तूच जा, असं म्हणायची ही संधी होती. तसं म्हणाली असती तर जन्मभर वरचढ राहिली असती.

"बदलायचं," थोरली म्हणाली. धाकटीचा प्रश्न धड संपलाही नव्हता.

 यंत्रापलीकडे धाकटीने नाक ओढलं. "बरं. हे झालं की बोलते सरांशी."

मिळाला समुद्र. जहाज मिळालं, मामा-मामी मिळाले, वारा मिळाला. थोरली आनंद व्हायची वाट बघत बसली. झालाही थोडासा. पण समोरच्या उजळलेल्या पाटीवर अक्षरांच्या जागी तिला नदीकाठचा रस्ता दिसायला लागला आणि त्यावरून सायकलने चाललेली धाकटी. दुपारी घरी येऊन जेवते आहे. मालकीणबाई प्रेमाने विचारपूस करताहेत. खिडकीतून वखारीतल्या ताज्या लाकडाचा वास येतो आहे.

"चल, राहिलेलं उरकू," धाकटीने काच फिरवली. "पहिली बरी की दुसरी?"



"ती दोन खिडक्यांची खोली," थोरलीने विचारलं, "आता तू घेणार का गं?"