मूळ गावाचा रकाना

तीस वर्षं ग्रामसेवक होतो. रहिवासी दाखल्यावर सही करायची म्हटलं की माझ्या अंगात यायचं. "पुरावा आणा," हे इतक्यांदा म्हटलं की बायको म्हणते, "अंतरपाट खाली आल्यावरबी तुमी भटजीला पुरावा मागितला असता."

रिटायर झाल्यावर परभणीतली वरची खोली शेतीच्या कॉलेजातल्या एका पोराला भाड्यानं दिली. पोरगा पश्चिम आफ्रिकेतला. भाडेकरूचा पोलिसांचा फॉर्म मी मोठ्या रुबाबात भरायला घेतला आणि 'मूळ गाव' या रकान्यावर अडलो. त्याच्या मोडक्या हिंदीतून कळलं ते असं: लढाईत गाव जळालं, गावाबरोबर जन्ममृत्यूच्या नोंदींचं दप्तरही. आई पोटुशी होती, सरहद्द ओलांडून पळाली. हा छावणीत जन्मला, निर्वासिताच्या तात्पुरत्या कागदावर भारतात शिकायला आला. लढाई मिटली, पण छावणीच्या देशातले म्हणतात तुम्ही आमचे न्हाई, मूळ देशातले पुराव्याशिवाय अर्जच घेत न्हाईत. आईचा नागरिकत्वाचा कागद झाला तर याचा होणार. न्हाई तर शिक्षण संपल्यावर यानं जायचं कुठं?

मी लगेच अक्कल पाजळली. "एखादा म्हातारा साक्षीला न्यायचा की."

"काका, तिथला साहेबही हेच म्हणतो. गावातले म्हातारे उरलेत कुठं?"

रविवारी त्यानं आईला व्हिडिओ फोन लावला. पोराचा घरमालक सरकारी माणूस म्हणून बाई सावरून बसली आणि काय करू, ते पोरामार्फत विचारायला लागली. मला आयुष्यभर फक्त न्हाई म्हणता येत होतं. शेवटी आमच्या जातभाईंचं गुपित फोडलं. "साहेब जेवायला उठेल, उद्या या म्हणेल. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकदा पोच दिली की चौकशी आमच्याच गळ्यात पडते. बसून राहणाऱ्याला आमी लय भितो."

बाई मूळ देशाच्या कचेरीत पाच दिवस बसली. पोच मिळाली, काही महिन्यांनी कागदही. पोरानं पेढे आणले आणि माझ्याकडच्या फॉर्मच्या प्रतीवर कोऱ्या राहिलेल्या त्या रकान्यात स्वतःच्या हातानं गावाचं नाव लिहिलं. बायको म्हणाली, "बगा, जन्मात एकदा कामाला आले."

मी पेढा परत खोक्यात ठेवला. मानवतकडं नोकरीला असताना एक मेंढपाळ बाई लेकीला आश्रमशाळेत घालायला दाखला मागत होती. "आधी सहा महिने एका जागी राहून दाखव," म्हणालो होतो, आणि चहाच्या टपरीवर हाच किस्सा सांगून हशा पिकवला होता. तीही दोन दिवस बसली होती. तिसऱ्या दिवशी मेंढरं उपाशी म्हणून उठली. मला माझी लाज वाटते. तिला शोधावं म्हटलं, पण कशावरून शोधणार? तिचा अर्जच मी घेतला नव्हता.