गाळलेल्या दोन ओळी

संध्या देवरे बाईंचा कुणावर पटकन विश्वास बसायचा नाही, आणि त्याला कारण होतं. सटाण्याच्या कांदेवाल्या घरातली ही मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांनी आधी तिचं आडनाव वाचलं आणि मग गुणपत्रिका उजेडात धरून पाहिली होती. तेव्हापासून बाईही सगळं उजेडात धरूनच पाहत.

नाशिक रोडच्या शाळेत त्यांना अकरा वर्षं झाली होती. दोन हजार एक साली मुख्याध्यापक निवृत्तीसरांनी बोलावून घेतलं.

"बाई, पालक म्हणतात संस्कृत काढा, कॉम्प्युटर आणा. सोमवारी समिती बसतेय. तुमचं मत लेखी द्या. आणि जरा जपून लिहा, वर्ग गेला तर तुमची जागाही जाईल. तशी काळजी नाही म्हणा, ती वसतिगृहातली आशा गावित सोडली तर सगळे नव्वदच्या वर!"

नेमकं हेच बाईंना खुपत होतं. सत्तावीस जणांना नव्वदच्या वर?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठ्यपुस्तकातली, अजून न शिकवलेली कुंभाराची गोष्ट फळ्यावर लिहिली. गाढव मडकी फोडतं, त्या दोन ओळी मुद्दाम गाळल्या आणि मुलांना मराठीत अर्थ लिहायला सांगितला. सत्तावीस वह्यांत गाढवाने मडकी फोडलीच.

"मयूर, फळ्यावर नाही ते कुठून आणलंस रे?"

"गाईडात आहे ना, बाई!"

आशा मात्र पेन चावत बसली होती. "बाई, कुंभार तर हसत आला. मग एकदम रडतो कशाला? मधलं कायतरी गेलंय."

"गाढवाला सोडूनच दिलं हिनं, गाढवाची वकील!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

बाईंना तिचाही संशय आला. हिला कुणी आधी सांगितलं तर नसेल? शाळा सुटल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं आणि स्वतः रचलेला नवा उतारा दिला. आशा एकेका शब्दावर बोट ठेवत, अडखळत, चार चुका करत शेवटपर्यंत गेली. अर्थ तिला लागला होता.

रविवारी बाईंनी लिहिलं : 'सत्तावीस मुलांना संस्कृत येत नाही, त्यांचे गुण गाईडचे आहेत. एकीला येऊ लागलं आहे. वर्ग चालू ठेवावा आणि परीक्षा न पाहिलेल्या उताऱ्यांवर घ्यावी.'

मग त्यांनी तो कागदही उजेडात धरला. हे आपण आपल्या जागेसाठी तर लिहिलं नाही?

शेवटी सहीच्या वर त्यांनी आणखी एक ओळ घातली : 'शिकवायला दुसरं कुणी नेमलं तरी माझी हरकत नाही.'