झाकणदादाची मान

आमच्या ग्रुपवर खऱ्या नावाने कोणी राहत नाही. नावं आम्ही ठेवतो. मी सगळ्यांची मावशी, कारण ग्रुप मी काढला आणि कोणी चुकलं की झापायचं खातं माझ्याकडे. दातांचा एक डॉक्टर आहे, तो कवळी. आणि एके दिवशी एक गृहस्थ आले आणि त्यांनी लिहिलं, "नमस्कार. मी डब्यांची झाकणं बनवतो. बेस गिटार शिकायचं म्हणतोय. वय झालंय, चालेल का?"

आता झाकण कोणाला म्हणतात हे काय सांगायला हवं? ज्याच्या डोक्यात उजेड जरा उशिरा पडतो त्याला. हा भला माणूस स्वतःहून पाटी गळ्यात अडकवून आत आला होता. "या, झाकणदादा, तुमचीच वाट बघत होतो," कवळीने लगेच लिहिलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दादा रागावले नाहीत. उलट त्यांनी त्यांच्या कारखान्यातल्या एका गोल, चकचकीत झाकणाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हा माझा फोटो."

तेव्हाच मला तो माणूस आवडला. मला माणसं सहसा आवडत नाहीत.

बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती वाजत असते तेव्हा कोणाचं तिच्याकडे लक्ष नसतं, थांबली की मात्र सगळ्यांना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. त्यामुळे बेस वाजवणारे लोक थोडे उपेक्षित आणि थोडे वात्रट असतात. दुसरं करणार काय? नवशिका आला की आम्ही आधी त्याची यथेच्छ टर उडवतो आणि मग जीव तोडून शिकवतो.

नवशिक्यांना मी दोनच गोष्टी सांगते. पहिली, आभाळ कोसळलं तरी थांबायचं नाही. गाणारा ओळ विसरो, ड्रमवाल्याच्या हातून काठी पडो, आपण चालू राहायचं, कारण आपल्या जिवावर बाकीचे परत गाण्यात येतात. दुसरी, मान वर. बोटांकडे बघत बसायचं नाही, माणसांकडे बघायचं.

पहिली गोष्ट दादांनी अशी घोटली की बोलायची सोय नाही. दुसरी काही केल्या जमेना. ते व्हिडिओ पाठवायचे: स्वयंपाकघरातलं टेबल, त्यावरचं फुलाफुलांचं मेणकापड, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल आणि मागे खिडकी, जिच्यातून शेजारच्या इमारतीचे पाइप तेवढे दिसत. आणि मधोमध दादांचं टक्कल. तोंड कधी दिसायचंच नाही. मान इतकी खाली की हनुवटी गिटारच्या लाकडाला टेकलेली. "दादा, मान वर!" मी लिहायची. "दादा, टकलाचा क्लोजअप पुरे," कवळी लिहायचा. पुढच्या व्हिडिओत पुन्हा टक्कल.

मग तारांचं प्रकरण झालं. तारा जुन्या झाल्या की त्यांच्यावर बोटांचा मळ बसतो आणि आवाज मेल्यासारखा होतो. अशा तारा काढून पाण्यात उकळायच्या आणि कोरड्या पुसून परत चढवायच्या, की काही दिवस त्या पुन्हा खणखणीत वाजतात. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण खरं आहे. दादांची गिटार कोणाची तरी वापरलेली होती आणि तारा पार काळ्या पडलेल्या. मी म्हटलं, उकळा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. "मावशी, उकळल्या. काडीचा फरक नाही."

"मीठ घातलंत का?" कवळीने विचारलं.

"झाकण ठेवून उकळायच्या असतात," आणखी कोणीतरी लिहिलं. ग्रुपवर हास्याचा पूर आला.

दादांनी नव्या तारा आणून चढवल्या. "यासुद्धा तशाच. दुकानदाराने फसवलं बहुतेक." पुरावा म्हणून त्यांनी तिन्ही वेळी रेकॉर्ड केलेलं वाजवणं पाठवलं. मी कानात इअरफोन घालून ऐकलं. जुन्या तारा घोंगडीखालून वाजाव्यात तशा होत्या. उकळलेल्या चांगल्या मोकळ्या झाल्या होत्या. आणि नव्या तर ताटली फरशीवर पडावी तशा वाजत होत्या. हा फरक लहान पोरालाही कळला असता.

ग्रुपवर हसणं चालूच होतं. मला हसू येईना. मी दादांना वेगळा मेसेज केला. "दादा, दारावरची बेल ऐकू येते का तुम्हाला?"

"बेल बिघडलीय," त्यांनी लिहिलं. मग बऱ्याच वेळाने आणखी एक ओळ आली. "मुलगी म्हणते, चालू आहे."

त्यानंतर त्यांनी हळूहळू सगळं सांगितलं. त्यांचं आयुष्य प्रेस मशीनवर गेलं. पत्रा सरकवायचा, वरून ठोका पडतो, झाकण सुटून खाली घरंगळतं. पुन्हा पत्रा. तिथे कानात घालायला बोळे मिळायचे, पण जुने कामगार ते खिशात ठेवत. पत्रा नीट बसलाय की नाही ते ठोक्याच्या आवाजावरून कळतं. पत्रा तिरका असेल तर ठोका किंचित फुटका येतो, आणि तो ऐकू आला नाही तर पुढचा ठोका बोटावर. कान वाचवायचे की बोटं, असा तो हिशेब होता. दादांची दहाही बोटं शाबूत होती. त्याची किंमत कानांनी मोजली होती.

आधी बारीक आवाज गेले. पाखरं, बेल, मोबाईलची घंटी. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज पुसट व्हायला लागले. जाड, खालचे आवाज तेवढे राहिले. म्हणून बेस. जे वाद्य ऐकू येतंय ते शिकावं, इतका सरळ विचार होता त्यांचा.

"म्हणजे मुलीचं बोलणं?" मी विचारलं.

"ओठांवरून कळतं. पाठ फिरवली की गेलं."

"तिला माहीत आहे?"

"तिला वाटतं, माझं लक्ष नसतं. दिवसभर ओरडते, बाबा, तुमचं लक्ष कुठे असतं म्हणून. मी पण वेंधळ्यासारखं करतो. बहिऱ्यापेक्षा वेंधळा बरा."

माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं की दादा, तुमचं नाव आम्ही उगाच ठेवलं नाही, सगळं झाकून काय मिळवणार आहात? डॉक्टरकडे जा, कानाला मशीन लावा.

डॉक्टरकडे जाऊन झालं होतं. मशीनही सांगितलं होतं. पण मुलीला दुसऱ्या देशात एका मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळत होती. ज्या कामासाठी ती शाळेपासून धडपडत होती तेच काम. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, घरात दोघंच. "तिला कळलं तर ती थांबेल," दादांनी लिहिलं. "मी तिला ओळखतो. आईच्या आजारपणात एकदा थांबली होती. आता थांबली तर कायमची थांबेल. एकदा ती गेली की दुसऱ्या दिवशी मशीन लावतो, शप्पथ."

मी गप्प बसले. तोंडाळ बाई गप्प बसली की लोकांना वाटतं, तिला पटलं. मला पटलं नव्हतं. पण मुलगी त्यांची, कान त्यांचे, आणि मी कोण? मोबाईलमधली मावशी, ती पण वयाने त्यांच्याहून लहान.

त्यांची इच्छा एकच होती. मुलगी चांगली गायची. तिच्या आईला आवडणारं एक गाणं होतं, ते जायच्या आधी एकदा दोघांनी मिळून करायचं. तिने गायचं, यांनी वाजवायचं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

मग आख्खा ग्रुप कामाला लागला. कानाचं माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, पण गाण्याचं सगळ्यांना सांगितलं होतं. कवळीने कुठला स्वर कुठे येतो ते लिहून दिलं. "नखरे करायचे नाहीत," मी बजावलं. "मूळ स्वर धरा, मनात मोजत राहा, आणि मान वर, दादा, निदान त्या दिवशी तरी मान वर." तेव्हा त्यांनी मला वेगळा मेसेज करून सांगितलं की मान खाली का असते. शेजाऱ्यांमुळे आवाज हळू ठेवावा लागायचा. हनुवटी लाकडाला टेकवली की आवाज हाडातून आत चढायचा. मान वर केली की त्यांना स्वतःचं वाजवणंही पुरेसं ऐकू येत नसे.

म्हणजे मान खाली घातली तर मुलगी दिसणार नाही, आणि वर केली तर गिटार ऐकू येणार नाही. मी म्हटलं, मग खालीच ठेवा. चालू ठेवा म्हणजे झालं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी रेकॉर्डिंग आलं. फक्त आवाज होता. "झालं एकदाचं!" दादांनी ग्रुपवर लिहिलं होतं. "एकही चूक नाही. माझं सोडा, मुलगी कशी गायली ते सांगा."

मुलगी छान गायली होती. स्वच्छ आवाज, उगाच लाडिक नाही. पहिलं कडवं झालं, दादांचे स्वर खालून एकेक पाऊल टाकत होते, अगदी ठरल्यासारखे. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज अडकला. गाणंच तसं होतं, आईची आठवण आली असेल. ती थांबली. दादा थांबले नाहीत.

बेस एकटाच पुढे चालला. मग तिने हाक मारली, "बाबा?" बेस चालूच. पुन्हा, मोठ्याने, अगदी जवळून, "बाबा!" त्याखाली दादांचे स्वर पडत होते, एक, दोन, तीन, चार, एकही चूक नाही. तिसरी हाक आली नाही. उरलेलं कडवं बेस तसाच एकटा वाजला. शेवटच्या ओळीला मुलगी परत आली, आणि ती ओळ तिने पूर्ण गायली. मग दादांचा आवाज, "जमलं की गं!" आणि तिचं हसणं.

कवळीने ग्रुपवर लिहिलं, "मुलगी एक नंबर, दादा." आणि मला वेगळा मेसेज केला, "मावशी, हे काय ऐकलं आपण?" मी त्याला सांगितलं. तो दिवसभर पुन्हा ग्रुपवर आला नाही.

पुढच्या आठवड्यात दादांचा निरोप आला. मुलीच्या जागेचं फिसकटलं होतं. तिकडून नकार आला, असं ती म्हणाली होती. "एवढी हुशार पोर, आणि नशीब बघा," त्यांनी लिहिलं. "पण ती रडली वगैरे नाही. माझीच समजूत घालत होती." लोकांनी हळहळ व्यक्त केली. पण त्या हाका सगळ्यांनीच ऐकल्या होत्या, आणि कोणालाही तो नकार खरा वाटला नव्हता.

न सांगणं सोपं होतं. पण तो माणूस तिकडे नशिबाला शिव्या घालत होता, आणि त्याची मुलगी त्याचं वेंधळेपणाचं नाटक बघत होती आणि स्वतःचं नाटक करत होती. एकाच घरात किती झाकणं असावीत? मी लिहिलं, "दादा, दुसऱ्या कडव्यात ती थांबली होती."

"कधी?"

"अर्धं कडवं तुम्ही एकटेच वाजवत होतात. तिने हाक मारली तुम्हाला."

"काय म्हणाली?"

"बाबा म्हणाली. दोनदा."

ते काहीतरी लिहीत होते, पुसत होते, पुन्हा लिहीत होते. ते मला इकडे दिसत होतं. शेवटी आलं ते एवढंच. "मी मान वर केली तेव्हा तर ती हसत होती."

मला रडू आलं. सांगायला लाज कसली?

त्याच दिवशी ते मुलीशी बोलले. नकार तिकडून आलाच नव्हता, तो इकडून गेला होता, आणि एव्हाना ती जागा दुसऱ्या कोणाला देऊन झाली होती. दादा तिच्यावर ओरडले, ती त्यांच्यावर ओरडली. "तिचं ओरडणं दिसत होतं," त्यांनी मला लिहिलं. आता त्यांनी मशीन लावलंय. ते म्हणतात, त्यातून भांड्यांचाच आवाज जास्त येतो. मुलगी कुठल्याशा दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. जमतंय, असं म्हणते म्हणे. दादांचा त्यावर विश्वास नाही, आणि माझाही नाही.

बरेच दिवस ते ग्रुपवर गप्प होते. परवा एक व्हिडिओ आला. तेच टेबल, तेच मेणकापड, खिडकीतले तेच पाइप. पण या वेळी टक्कल नव्हतं. मान ताठ वर, डोळे समोर उभ्या असलेल्या मुलीवर, आणि बोटं अधूनमधून भलत्याच तारेवर. गाणं तेच होतं. दुसऱ्या कडव्यात एका जागी मुलगी दम घ्यायला थांबली, आणि दादांचा हातही तारांवर थबकला. ती पुन्हा गायला लागली तेव्हाच तो हलला.

एक नवा पोरगा आहे, त्याला यातलं काही माहीत नाही. माझा नियम त्याला पाठ झालेला. त्याने लगेच पकडलं, "काय दादा, मध्येच थांबलात की! मावशी ओरडेल हां."

मी ओरडले नाही. दादांनीच त्याला उत्तर दिलं.

"ती थांबली," त्यांनी लिहिलं. "म्हणून थांबलो."