मागनं या

वकिलांनी विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

आम्ही त्यांच्या दारात काच धरून उभे होतो. मी आणि माझे दाजी, थोरल्या बहिणीचे मालक. पाच फूट बाय चार फुटाची, पाव इंच जाडीची काच. दाजी पुढं, मी मागं. दाजींचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. अशी काच धरून माणूस फार वेळ उभा राहू शकत नाही. बोटांना रग लागते, मग तळव्याला घाम येतो, मग काच सरकायला लागते. हे वकिलांना माहीत नसेल. पण दोन माणसं ओझं धरून ताटकळलीत, एवढं तर दिसत होतं.

दाजींनी आडनाव सांगितलं. त्यांचं आडनाव चार जातींत सापडतं. वकिलांचं समाधान झालं नाही. त्यांनी गाव विचारलं. दाजी म्हणाले, करमाळ्याकडचं. मग वकील जरा हसले आणि म्हणाले, "गावात राहायला कुठं?"

दाजींना खोटं बोलता आलं असतं. एक शब्द. मी मागनं त्यांच्या मानेकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बोला की खोटं. ते बोलले नाहीत. आम्ही धर्म बदलला होता, आणि आता लपवायचं काही नाही, असं ते नेहमी म्हणायचे. त्यांनी खरं ते सांगितलं. सरळ, मान वर ठेवून.

वकिलांनी आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. घरात गौरी बसल्यात, आईंचं सोवळं आहे. मागनं या."

काच आत चालत होती. काच धरणारे हात चालत नव्हते.

हे सोलापुरातलं. दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर होतो. ते काम बंद झालं तसा थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं आलो. दाजी एका काचेच्या दुकानात हमाल होते. त्यांनी शेठना सांगून मला चिकटवलं. तेव्हा मला वाटायचं, काच उचलायला काय लागतं? ताकद लागते, ती माझ्यात होती.

दाजींनी पहिला महिनाभर मला काचेला हातच लावू दिला नाही. नुसतं बघा म्हणाले. ते मला पावणं म्हणायचे. बायकोचा भाऊ म्हणून थट्टेनं म्हणायला लागले ते तसंच राहिलं.

रेल्वेच्या मालधक्क्यावर काचेच्या पेट्या यायच्या, पेंढा भरलेल्या. पेटी आडवी पाडायची नाही. खिळे काढताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. काच निघाली की उभीच धरायची. आडवी धरली की ती आपल्याच वजनानं मोडते. फरशीवर टेकवायची नाही, खाली लाकडी पट्ट्या घालायच्या आणि भिंतीला थोडी कलती ठेवायची. फार कलती नाही, फार सरळ नाही. दोन काचांमध्ये कागद. ओली काच उचलायची नाही. वारं सुटलं असेल तर बाहेर काढायची नाही. तळहाताला सायकलच्या ट्यूबचे तुकडे. ते तुकडे दाजींनी स्वतः कापून आणलेले, दुकानानं दिलेले नव्हते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी मला दहादा सांगितली असेल. "पावणं, काच सुटली तर सुटू द्या. धरायला जायचं न्हाय. हात सोडायचं आन् मागं उडी मारायची. काच दुसरी येती."

त्यासाठी वाट आधी बघून यायची. मोकळी जागा हवी, उडी मारायला. त्या दिवशीही दाजी आधी जाऊन उघड्या दारातनंच आत डोकावून वाट बघून आले होते. रुंद ओटा, बैठकीची खोली, माजघर, मग मागची खोली. तिथं नवी खिडकी. सगळी सरळ वाट. तीस पावलं. आम्ही हातगाडी दारापुढं लावली, काच उतरवली, आणि मग वकील बाहेर आले.

मागनं या म्हणजे बोळातनं. त्या घरांच्या रांगेमागं एक बोळ होता. संडासाच्या टोपल्या उचलणारी माणसं तिथनं ये-जा करायची. दुसरं कुणी त्यात पाय घालत नसे. दोन्ही बाजूला भिंती, मध्ये गटार, न्हाणीघरांचं पाणी सगळं त्यात. दगडांवर शेवाळ. काच घेऊन आधी रस्त्यानं रांगेच्या टोकापर्यंत, मग बोळात आठ घरं.

बोळाच्या तोंडाशी दाजी थांबले. मला वाटलं, आता ते म्हणतील, माघारी फिरा. त्यांनी बोळाकडं बघितलं. एवढंच म्हणाले, "पाय टेकून टेकून या."

त्यांना कळत होतं. माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण शेठनी सांगून ठेवलं होतं की वकिलांचं घर मोठं आहे, तक्रार येता कामा नये. आणि आमची दोघांची चूल एकच, त्याच दुकानावर पेटणारी.

सात घरं आम्ही नीट गेलो. आठव्या घराच्या दारात वळायचं होतं. वळताना दाजींना मागं सरावं लागलं, आणि त्यांची टाच शेवाळावर गेली. काचेचा खालचा कोपरा दगडावर आपटला. आवाज फार मोठा झाला नाही. काच मध्यातनं तडकली आणि वरचा अर्धा तुकडा माझ्याकडं कलला.

माझी पाठ भिंतीला होती. उडी मारायला जागा नव्हती.

दाजींनी हात सोडले नाहीत. उलट पुढं घातले. तो तुकडा त्यांनी धरला. ज्या माणसानं मला दहादा सांगितलं होतं की धरायचं नाही, त्यानं धरला. तुकडा त्यांच्या उजव्या हातावरनं खाली घसरत गेला, मनगटापासून कोपरापर्यंत. मग तो गटारात पडला आणि फुटला. माझ्या अंगाला खरचटलंसुद्धा नाही.

मी डोक्याचा टॉवेल सोडून त्यांच्या हाताला आवळला. टॉवेल लगेच भिजला. दाजी भिंतीला टेकून खाली बसले. तोंड पांढरं. मी मागच्या दारावर थापा मारल्या. दार उघडलं, वकीलच होते. त्यांनी रक्त बघितलं आणि "अरे अरे" म्हणाले. त्यांच्या पाठीमागं माजघर दिसत होतं. मांडलेल्या गौरी दिसत होत्या, आणि पलीकडं पुढचं उघडं दार. दारापलीकडं आमची हातगाडी.

मी म्हणालो, "साहेब, घरातनं जाऊ द्या. गाडी पुढं हाय."

वकिलांनी मान वळवून आत बघितलं. त्यांची आई गौरींपुढं बसली होती. तिनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वकील परत माझ्याकडं वळले.

"मागनंच न्या. तेच जवळ पडेल."

जवळ पडेल. आठ घरांचा बोळ आणि वर पुन्हा रस्ता. हा माणूस कोर्टात उभा राहून कायदा सांगत होता. शिवाशिवीचा कायदा त्याला पाठ असणार. आणि मला म्हणाला, जवळ पडेल.

मी काय केलं? मी मागं फिरलो.

आजही ते पाऊल माझ्या पायात आहे. मी दाजींना काखेत घेतलं आणि बोळात वळलो. दार माझ्या पाठीमागं लागलं, कडी घातल्याचा आवाज आला. दाजींचा हात गळत होता. मी घाई करत होतो, दगडावरनं पाय सटकत होते. आणि दाजी, डोळे अर्धे मिटलेले, मला म्हणाले, "सावकाश पावणं. पुढं शेवाळ हाय."

सरकारी दवाखान्यात हात वाचला. म्हणजे कापावा लागला नाही. डॉक्टर म्हणाले, आतल्या शिरा तुटल्यात, आणायला उशीर झाला, रक्तही फार गेलं. जखम भरली पण बोटं मिटेनात. पंजा उघडाच राहिला. आक्का घास भरवायची आणि दाजी तोंड भिंतीकडं फिरवून चावायचे.

शेठ एकदा बघायला आले. खाटेपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "काच सुटली तर सोडायची असते. तूच सगळ्यांना शिकवतोस ना?" मी का वाचलो ते मला माहीत होतं, आणि ते शेठना सांगावं एवढीसुद्धा माझ्या जिभेत धमक नव्हती.

आक्काला मी सगळं सांगितलं नव्हतं. बोळात पाय घसरला, एवढंच. घरातनं जाऊ दिलं नाही हे मी गिळलं होतं. पण डॉक्टरांचा तो उशीर तिच्या डोक्यात राहिला. एक दिवस विड्या वळता वळता तिनं विचारलं की गाडी होती तर उशीर कसा झाला. मग मला सांगावं लागलं. दार उघडं होतं, गाडी समोर दिसत होती, तीस पावलं होती, आणि वकील काय म्हणाले.

तिचे हात थांबले. ती रागावली नाही. नुसतं विचारलं, "आन् तू माघारी वळलास?"

मी व्हय म्हणालो.

ती परत विड्या वळायला लागली. तिनं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. वकिलाचा राग यायचा तो यायचाच. पण जास्त राग माझ्या पायांचा यायचा. त्यांना कुणी शिकवलं होतं वळायला? माझ्या बापानं, त्याच्या बापानं. नाही म्हटलं की वळायचं. पाय आपोआप वळले. मेंदूला विचारलंसुद्धा नाही.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. वकिलांची खिडकी अजून उघडीच होती. त्यांनी दुकानात परत काच सांगितली. शेठनी मलाच पाठवलं, घर माहीत आहे म्हणून. बरोबर दुकानातला दुसरा एक गडी दिला.

हातगाडी त्याच दारापुढं लावली. आम्ही काच उतरवली. वकील ओट्यावर आले. मला ओळखलं. दाजींचं विचारलं नाही. म्हणाले, "मागनं या."

गौरी केव्हाच उठल्या होत्या. माजघर मोकळं होतं. सोवळं नव्हतं, सण नव्हता, काहीच नव्हतं. तेव्हा मला लख्ख कळलं. त्या दिवशीही सण नुसता सांगायला होता. सण नसता तर दुसरं काही असतं.

मी जोडीदाराला खूण केली. आम्ही ओट्याच्या कडेला दोन लाकडी पट्ट्या टाकल्या आणि काच भिंतीला टेकवून ठेवली. मग मी ओट्यावर चढलो. वकिलांच्या समोर उभा राहिलो. एवढ्या जवळनं मी अशा माणसाच्या डोळ्यात कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणालो, "काच पुढनंच जाईल. काचेबरोबर आमीबी पुढनंच जाऊ. बोळातनं न्हाय."

ते म्हणाले, दुकानात कळवतो. मी म्हणालो, कळवा. ते म्हणाले की मागचं झालं ते वाईट झालं, पण त्यात आमचा काय दोष? माझे पाय जागचे हलले नाहीत. मी म्हणालो, "माणूस तुमच्या दारात रक्तानं न्हाला हुता. तुमी दार लावलं. कडीचा आवाज मी ऐकलाय."

शेजारच्या ओट्यावर दोन माणसं उभी राहिली होती. वकील त्यांच्याकडं बघून आत गेले. मी वाट बघितली. कुणी बाहेर आलं नाही, कुणी आत या म्हणालं नाही. मग आम्ही काच उचलली, गाडीवर उभी बांधली आणि माघारी नेली. मला ती तिथंच फोडावीशी वाटली. फोडली नाही. काचेनं काय केलं होतं?

शेठनी दोनच गोष्टी पुढं ठेवल्या. वकिलांची माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नको. मी ट्यूबचे तुकडे खिशात घातले आणि बाहेर पडलो.

घरी दाजी दारात बसले होते, उघडा पंजा मांडीवर ठेवून. मी सगळं सांगितलं, नोकरी गेली तेही. त्यांनी विचारलं, "काच माघारी नीट नेली का?" मी म्हणालो, नीट नेली. त्यांनी मान हलवली. मग डाव्या हातानं डोळे पुसले. मी त्यांना रडताना तेव्हाच बघितलं, त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

त्यांचा हात शेवटपर्यंत मिटला नाही. मी दुसरीकडं काम धरलं, तिथनं तिसरीकडं. पुढच्या दारानं जाऊ देत नाहीत तिथं मी ओझं रस्त्यावर ठेवतो. त्यानं कामं गेली, अजून जातील. पण मला कुणी धीट म्हणालं तर माझी मान खाली जाते. मी उभा राहिलो तो एका खिडकीसाठी. जेव्हा माझा माणूस माझ्या काखेत रक्त गाळत होता, तेव्हा मी परवानगी मागत होतो. मिळाली नाही म्हणून वळलो होतो.

ती परवानगी मी आता मागणार नाही. माणूस मरायला टेकला असेल आणि मध्ये कुणाचं घर असेल, तर मी त्या घरातनं जाणार. देव मांडलेले असोत, म्हातारी बसलेली असो. दार लावलं, तर दार मोडणार.

त्यानंतर त्यांनी मला कोर्टात उभं करावं. तिथंही मी पुढच्या दारानंच येईन.