पंचाचा कौल

पंच हे काही त्याचं खरं नाव नव्हे. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी ते त्याला चिकटवलं, आणि मग चष्म्याच्या दुकानाचा मालकही "अहो पंच, त्या बाईंच्या काचा झाल्या का?" असं विचारू लागला. दुकानात पडद्यामागे एक चिंचोळी खोली होती. तिथे बसून तो काचा घासायचा. नंबरप्रमाणे काच कापायची, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायची आणि उजेडाकडे धरून बघायची. वय चाळिशीच्या पुढे, लग्न नाही, मित्र बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळा जीव खेळात.

सुट्टीच्या दिवशी तो एखाद्या खेळाबद्दलचं मत रेकॉर्ड करायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. चेहरा कधी दाखवला नाही. पडद्यावर खेळ चाललेला असायचा आणि मागून त्याचा खरखरीत, जरा वैतागलेला आवाज. लोकांना तो आवाज आवडायचा, कारण तो कुणाचीच भीड धरायचा नाही. "सुरुवातीला अर्धा तास नुसत्या गप्पा. अरे, मी कीर्तनाला आलोय का खेळायला?" असं तो म्हणायचा. रस्ता दाखवणाऱ्या बाणांचा त्याला राग होता. "बाणच सांगणार असेल कुठे जायचं, तर मला कशाला बोलावलंत? तोच जाऊ दे की." रोज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल म्हणून धमकावणारे खेळ तर त्याच्या डोक्यात जायचे. ज्या खेळाला शेवट नाही तो खेळ नव्हे, बिनपगारी नोकरी आहे, हे त्याचं वाक्य पुष्कळांना पाठ होतं.

पण कौतुक करायला बसला की तोच माणूस मऊ व्हायचा. एका खेळात नुसती होडी वल्हवायची होती, धुक्यातून, एका तीरावरून दुसऱ्या तीरावर. त्यावर तो तासभर बोलला. पाण्याचा आवाज कुठे बदलतो, वल्हं जड कधी होतं, हे त्यानं असं सांगितलं की ऐकणाऱ्याचे खांदे दुखावेत. सगळ्या खेळांना तो एकच कस लावायचा. हरलो तर माझ्या चुकीनं हरलो पाहिजे. तेवढं असलं की चित्रं भिकार असोत, संगीत कानठळ्या बसवणारं असो, तो खेळ खरा.

हा कस त्याचा स्वतःचा नव्हताच. तो ताईचा होता. लहानपणी कुणाकडून तरी आलेला एक जुना खेळयंत्राचा डबा घरातल्या टीव्हीला जोडून दोघं बहीणभाऊ खेळायचे. तो हरला की डबा आपटायचा. ताई त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती म्हणायची, "छोट्या, डब्यानं काय केलंय तुझं? उडी तू उशिरा मारलीस." आणि खेळायची त्याच्यापेक्षा कितीतरी सरस. पुढे लग्न झालं, शिवणकाम सुरू झालं आणि तिचा खेळ सुटला. घरातच पुढच्या खोलीत मशीन टाकून ती शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या हातची शिवण उसवत नाही अशी ख्याती होती.

एक दिवस पंचाला एका कंपनीकडून बोलावणं आलं. नवा खेळ काढतोय, अजून कच्चा आहे, येऊन खेळा आणि तोंडावर सांगा, लपवू नका. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याचं मत मागायला आलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला. काचेच्या खोलीत त्याला बसवलं, चहा दिला. समोर एक तरुण बाई बसली, चटपटीत, केस बारीक कापलेले. खेळाची आखणी तिची होती. तो बोलत होता आणि ती एकेक शब्द टिपून घेत होती.

खेळ साधा होता. दरीवर फळ्या टाकून पूल बांधायचा आणि एका वाटसरूला पलीकडे न्यायचं. फळ्या एकामागून एक येत, कधी आखूड, कधी लांब. चुकीच्या जागी टाकलीत तर वाटसरू खाली. पंच खेळला, हरला, पुन्हा खेळला. मग खुलला.

"छान आहे. पण तुमचा माणूस फार लवकर पडतो. अर्ध्यातच पडला की वाटतं, जाऊ दे, आपल्याला जमायचं नाही. माणूस उठून जातो. पलीकडचा काठ हातभर राहिला आणि पडला, तर तो उठत नाही. म्हणतो, एकदाच, आता नक्की."

"असं का होत असेल?" बाईंनी विचारलं.

"कारण त्याला आपली चूक दिसते. दोष खेळाचा वाटला तर राग येतो. दोष आपला वाटला की जिद्द येते."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "दोष आपला *वाटला* की," ती पुटपुटली आणि लिहून घेतलं. पंचाला त्यात काही खटकलं नाही. उलट घरी जाताना त्याची छाती चांगली फुगली होती.

खेळ बाजारात आला तेव्हा तो त्यावर तुटून पडला. पहिले सगळे पूल त्यानं पार केले. वाटसरू आता काठापाशी येऊन पडत होता आणि प्रत्येक वेळी पंचाला आपली चूक स्पष्ट दिसत होती. पुढे पूल किती आहेत कुणालाच ठाऊक नव्हतं. कंपनी दर आठवड्याला नवे घालणार होती. एरवी खेळ संपवल्याशिवाय तो मत देत नसे. पण इथे संपण्याची वाट बघायची तर जन्म गेला असता, आणि खरं सांगायचं तर त्याला घाई झाली होती. त्यानं कौल देऊन टाकला. "शेवट नाही, तेवढा एक डाग सोडला तर हा खेळ खरा आहे. हरलात तर चूक तुमचीच, एवढं मी छातीठोकपणे सांगतो."

त्याच सुमारास ताईचा पाय मोडला. प्लॅस्टर घालून ती पलंगावर पडली, मशीन बंद. तो भेटायला गेला तेव्हा ती कंटाळून भिंतीवरचे डाग मोजत होती. त्यानं तिच्या फोनवर तो खेळ घालून दिला. "बघ, तुझ्या जोगा आहे." ताईनं पहिल्याच दुपारी त्याला मागे टाकलं. दोघं फोनवर एकमेकांना चिडवत राहिले. भाऊजी म्हणाले, "बरं झालं, तिला हसताना बघून महिना झाला होता."

पाय बरा झाला. त्यानंतर बरेच महिने गेले. ताईचे फोन कमी झाले, पण तो समजला, कामाला लागली असेल.

एका दुपारी ती दुकानात आली. डोळे दुखतात, जवळचं धूसर दिसतं म्हणाली. दुकानातल्या डोळे तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पडद्यामागे येऊन पंचाला हळूच विचारलं, "तुमच्या ताई कसलं काम करतात हो? डोळे अगदी कोरडे पडलेत. फार वेळ जवळ टक लावून बघतात."

"शिवणकाम," तो म्हणाला.

पडदा बाजूला करून त्यानं पाहिलं. ताई बाकावर बसली होती. मान खाली, फोन नाकाशी, अंगठा चालू. शेजारची म्हातारी तिला काहीतरी विचारत होती आणि ताईला ते ऐकूच येत नव्हतं.

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. मशीनवर कापड पसरलेलं होतं, त्यावर धूळ. भाऊजींनी दारातच त्याला अडवलं. "शाळेचं काम दुसरीकडे गेलं. दोनदा उशीर झाला, तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. बोलायला गेलं तर म्हणते, एवढा पूल होऊ दे. तुम्हीच दिलात ना हा खेळ? आता तुम्हीच बोला."

ताई आत पलंगावर होती. तिनं वर न बघता जागा करून दिली.

"ताई, किती खेळतेस?"

"अरे, हल्ली जमतच नाही मला. हात गेला माझा. दर वेळी काठाशी येते आणि शेवटची फळी चुकते. वय झालं, दुसरं काय."

"दाखव बघू."

फोन घेऊन तो खेळायला बसला. एकही फळी वाकडी टाकली नाही. वाटसरू काठापासून हातभरावर आला, आता एक लांब फळी हवी होती. आली आखूड. वाटसरू पडला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मुद्दाम वेडंवाकडं खेळायला सुरुवात केली. फळ्या फेकल्यासारख्या टाकल्या. लगेच लांब फळ्या येऊ लागल्या, एकामागून एक, मागेल तशा. त्यानं पुन्हा नीट खेळून पाहिलं. लांब फळी गायब. नीट खेळलं की खेळ पाय ओढत होता, चुकलं की हात देत होता. माणसाला ना जिंकून उठू द्यायचं, ना हरून. सुरुवातीच्या पुलांवर यातलं काहीच नव्हतं. आधी विश्वास बसू द्यायचा आणि मग पायाखालची फळी काढायची.

त्यानं फोन तिच्यासमोर धरला.

"ताई, तुझा हात नाही गेला. खेळ लबाड आहे. मुद्दाम फळी देत नाही."

ताई हसली. "हरणारे सगळे असंच म्हणतात. लहानपणी तू नाही का डबा आपटायचास? तूच सांगितलंस ना सगळ्या जगाला, हरलात तर चूक तुमचीच. मी ऐकलंय ते. दोनदा ऐकलंय."

त्यानं पुन्हा खेळून दाखवलं, समजावलं, शेवटी आवाज चढवला. ताईनं फोन काढून घेतला. "तुला माझं जमलेलं कधी बघवलं नाही, छोट्या," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो कंपनीत गेला. बारीक केसांच्या बाई भेटल्या. त्यांनी नाकारलं नाही की चिडल्या नाहीत, आणि याचाच त्याला जास्त त्रास झाला.

"तुम्हीच तर सांगितलंत," त्या म्हणाल्या. "काठाशी आणून पाडा. दोष स्वतःचा वाटला पाहिजे. आमच्याकडे इतकं नेमकं कुणीच बोललं नव्हतं."

"मी खऱ्या खेळाबद्दल बोलत होतो! चूक खरंच त्याची असली तर!"

"खेळणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बक्षिसाच्या आमिषापेक्षा हे चांगलं चाललंय. तुमचं नाव आम्ही आभारात घातलंय, पाहिलंत की नाही?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं त्याला जिना उतरताना वाटलं. आणि त्या रागाच्या भरात घरी येऊन त्यानं जे केलं, ते खेळापेक्षा वाईट ठरलं. त्यानं सगळं रेकॉर्ड केलं. फळ्यांची लबाडी उघडी पाडली, आपला कौल मागे घेतला, आणि ऐकणाऱ्यांना पटावं म्हणून ताईची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. पण मोडलेला पाय, शिवणाचं मशीन, त्यावरची धूळ, हातचं गेलेलं काम, वय झालं म्हणून स्वतःला दोष देणारी बाई, सगळं आलं. त्याचा आवाज भरून आला होता. लोकांना तो फार भिडला.

आजवर त्याचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. कुणी शाबासकी दिली. कुणी लिहिलं, पंच आता म्हातारा झाला, हरायला लागला म्हणून रडतोय. कुणी विचारलं, आभारात नाव तुझंच आहे ना? पैसे खाऊन झाल्यावर आता साधू झालास? तो एकेकाला उत्तर देत बसला. खेळ मात्र पहिल्यापेक्षा जास्त लोक खेळू लागले, कारण मुद्दाम वाकडं खेळलं की लांब फळी मिळते, ही युक्ती त्यानंच सगळ्यांना शिकवली होती. थोड्याच दिवसांत कंपनीनं तीही बदलली.

ताईच्या गल्लीत ते रेकॉर्डिंग पोहोचायला वेळ लागला नाही. ज्यांच्या मुलांचे गणवेश तिनं शिवले होते, त्या बायका तिच्या तोंडावर हळहळू लागल्या. भाऊजी दुकानात येऊन तिचा चष्मा घेऊन गेले. पंचाशी ते दोनच वाक्यं बोलले.

"खेळानं तिचं काम घेतलं. तुम्ही तिची लाज घेतलीत."

त्यानं ताईला फोन केले, तिनं उचलले नाहीत. घरी गेला, ती आतून बाहेर आली नाही. पुढच्या खोलीत त्याला मशीन दिसलं नाही. कुणाला दिलं, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानंतर त्यानं खेळांवर बोलणं सोडून दिलं. दुसऱ्या एका कंपनीनं बोलावलं, तर उत्तरही दिलं नाही. खेळायला बसला की डोक्यातला पंच बसू द्यायचा नाही. हरला की आधी संशय यायचा, जिंकला की त्याहून जास्त. होडीचा तो खेळही त्यानं लावून पाहिला आणि वल्हं जड होताच बंद केला.

वर्ष उलटलं. एका रविवारी फोन वाजला. ताई. त्यानं इतक्या घाईनं उचलला की हातातला कप कलंडला.

"बोल ताई."

"अरे, मी नवा फोन घेतला," ती म्हणाली. आवाज सरळ होता, कामापुरता. "जुन्यातला खेळ यात आणायचा कसा? माझे झालेले पूल पुसले जायला नकोत."

जमत नाही, सगळं पुसलं जातं, एवढं त्यानं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिनं विश्वास ठेवला असता. त्याच्या त्या कौलावरही तिनं असाच विश्वास ठेवला होता.

"जुना फोन हातात घे," तो म्हणाला, "आणि खेळ उघड. वर कोपऱ्यात चाकासारखं चित्र दिसतंय?"

"दिसतंय."

त्यानं एकेक पायरी सांगितली. ती "हं, हं" करत राहिली. शेवटी पलीकडून ओळखीचा आवाज ऐकू आला, फळीवर फळी बसल्याचा.

"आलं सगळं," ताई म्हणाली. "ठेवते."