घासून काढलेलं कुंकू

गुळाचे रवे, म्हणजे जड ढेपा, उचलता उचलता वडिलांचा मणका सरकला आणि घर चालवायचं आईवर आलं. कोल्हापुरात कसबा बावड्यात पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच माणसं. आई फाउंड्रीत कोअर शॉपला लागली. कोअर म्हणजे वाळूचा गाभा. ओतीव लोखंडात जिथं पोकळी हवी, तिथं तो ठेवतात. लाकडी पेटीत तेल लावलेली वाळू ठासायची, पेटी उघडायची, गाभा भट्टीत भाजायचा. तिथं सगळ्या बायकाच. अळशीच्या तेलाचा वास आईच्या भाकरीला यायचा. ती भाकरी खाऊन मी बी.ए. झाले. आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात आला, आणि हे मी मान वर करून सांगते.

फाउंड्री बंद पडून बरीच वर्षं झाली. आता रविवारी तिथं कॅमेरेवाले येतात. गंजलेली क्रेन, फुटक्या काचा, भिंतीतून उगवलेला पिंपळ. लग्न ठरलेली जोडपी थंड भट्टीपुढं उभी राहून फोटो काढून घेतात. मला संताप येतो. पण खोटं कशाला बोलू, ओढ मलाही आहे. मीही जायचे. वॉचमन तिथलाच जुना कामगार, आईला ओळखणारा, मला आत सोडायचा.

एकदा कोअर शॉपच्या कोपऱ्यात पेट्यांचा ढीग दिसला. प्रत्येकीवर हळदीकुंकवाचा जाड थर. खंडेनवमीला प्रत्येक बाई आपापल्या पेटीची पूजा करायची. दरवर्षीची बोटं एकावर एक उमटत गेलेली.

"न्या की ताई, पडून सडाय लागल्यात," वॉचमन म्हणाला.

मी नेल्या नाहीत. शिकलेल्या माणसाची खोड. कंपनीच्या मालकांना रीतसर अर्ज लिहिला, या वस्तू जतन व्हाव्यात म्हणून. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्यात गेले तर कोपरा रिकामा. हायवेवरच्या नव्या हॉटेलवाल्यानं सगळ्या पेट्या भिंतीवर लावायला विकत नेल्या होत्या.

आईला घेऊन हॉटेलात गेले. भिंतीवर रांगेनं पेट्या, पॉलिश मारून चकचकीत. खाली पाटी, 'जुन्या कोल्हापूरची आठवण'. कुंकवाचा एक ठिपका शिल्लक नाही. आईनं एका पेटीवर हात ठेवला.

"ही पंपाच्या गाभ्याची. माझी. हिचा कोपरा माझ्याच हातनं उडालता."

हॉटेलमालक कौतुक ऐकायला पुढं आला. "लई घाण होती बघा मॅडम. लाल-पिवळे डाग. सुताराकडनं घासून घेतलं, तवा कुठं रूप आलं."

माझं डोकं फिरलं. "त्या बायकांची तेवढीच खूण उरली होती. ती पॉलिश पेपरनं काढलीत आणि वर आठवणीची पाटी लावलीत?" आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरची माणसं रश्श्याची वाटी खाली ठेवून बघायला लागली. बघू देत.

"पैसं मोजून घेतलंय ताई. चोरून न्हाय आणलं."

आई पुढं झाली. तिनं त्याच्या गल्ल्याकडं बोट केलं. "पावणं, त्ये काय हाय वो?"

गल्ल्याच्या लाकडावर दसऱ्याचं कुंकू होतं, वाळून काळपट झालेलं.

"त्ये व्हय, पूजेचं हाय की."

"मग त्येबी घासून घ्या. रूप यील."

वेटर फिसकन हसला आणि मालकाची नजर बघून आत पळाला. मालकानं गल्ल्यावरच्या कुंकवाकडं बघितलं. मग पडेल आवाजात म्हणाला, "सात पेट्या सुताराकडं घासायच्या राहिल्यात. न्या तुम्ही."

या वेळी मी अर्ज लिहीत बसले नाही. रिक्षा केली, आईला बसवलं आणि सुताराच्या दारात जाऊन उभी राहिले. तो नुकताच पहिली पेटी हातात घेत होता. ती मी त्याच्या हातातून काढून घेतली. ओढूनच.

माझा राग अजून गेलेला नाही. पडक्या भिंतींवर जीव टाकणाऱ्यांना त्या भिंतींआड राबलेली माणसं का दिसत नाहीत, हे मला कळत नाही. आईची पेटी हॉटेलच्या भिंतीवरच राहिली.

सुताराकडून आणलेल्या सात पेट्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये काचेच्या कपाटात आहेत, जशाच्या तशा. कुठली कुणाची, ते आईनं ओळखून सांगितलं. प्रत्येकीखाली त्या बाईचं नाव मी माझ्या हातानं लिहून लावलं आहे.