प्रश्न चढताना, उत्तर उतरताना

जीके तात्या एसटीच्या पायरीवर पाय ठेवायचे आणि तिथूनच ओरडायचे, "प्रश्न!" तिकीट नंतर, जागा नंतर. एकदा तर मागच्या बाईचा हात दारात चेमटता चेमटता राहिला, पण तात्यांचा प्रश्न काही थांबला नाही. मी त्या गाडीची कंडक्टर. माझा घसा बसायचा "पुढं सरका, पुढं सरका" करून, आणि यांच्या एका प्रश्नाला अख्खी गाडी कान टवकारून गप्प. राग यायचा मला. आता ती गाडी रोज नुसतीच कलकलत जाते, आणि कशाचाच राग येत नाही.

घाटनांदूर सोडलं की आमच्या गावचा फाटा लागतो. तिथं तात्या चढायचे आणि अंबाजोगाईला उतरायचे. जीके म्हणजे सामान्य ज्ञान. अंबाजोगाईत पोलीस भरतीच्या पोरापोरींना एका क्लासमध्ये ते शिकवायचे, म्हणून हे नाव. गाडीत त्यांचा एक कायदा होता. प्रश्न चढताना टाकायचा, उत्तर उतरताना द्यायचं. मधे कोणी पाया पडलं तरी सांगायचं नाही. मग सगळा रस्ताभर नुसता कल्ला. "घोणस अंडी घालती का पिलं देती?" या प्रश्नावर दोन सख्खे साडू अंबाजोगाईपर्यंत भांडले आणि तोंडं फिरवून उतरले. तात्यांनी खाली उतरून मागं वळून सांगितलं, "पिलं!" आणि चालू लागले.

एकदा गाडी फाट्यावर लई उशिरा आली. पावसाळी दिवस, रस्ता उखडलेला, लोक माझ्यावर खवळलेले. तात्यांनी चढताच विचारलं, "देशाला स्वातंत्र्य मिळालं तवा आपला बीड जिल्हा कुठं हुता?" कोणी म्हणालं महाराष्ट्रात, कोणी म्हणालं मुंबई राज्यात. उतरताना तात्या म्हणाले, "निजामात. देश सुटल्यावर बी वर्षभर आपुन आतच. आपल्याकडं कोणतीबी गाडी येळंवर आलीय व्हय? उगं त्या पोरीवर कावू नका." त्या दिवशी मला कोणी शिवी दिली नाही.

त्या पोरीवर त्यांचा हक्कच होता म्हणा. मी त्यांच्या शेजारची. एसटीच्या भरतीचा अभ्यास त्यांच्याच ओसरीवर केला. आम्ही सात-आठ पोरी भिंतीला टेकून बसायचो, तात्या समोर फेऱ्या मारत प्रश्न टाकायचे, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत उत्तर यायचं स्वयंपाकघरातून. कौसाकाकू, तात्यांची बायको. भाकरी थापता थापता बोलायच्या. "आपल्या जिल्ह्यात उगम पावून दक्षिणेला गेलेली आन् शेवटाला उत्तरेकडं वळून गोदावरीला मिळणारी नदी कोणती?" आतून आवाज, "मांजरा! जल्माला आली हितं, हिंडली कुठं कुठं, बिचारी शेवटाला थोरल्या भैनीकडं गेली." आम्ही फिदीफिदी हसायचो. तात्या तव्याकडं बघून ओरडायचे, "आतून आवाज नको! पोरींची परीक्षा हाय, तुजी न्हाई!" काकू पिठाचा हात तोंडावर ठेवायच्या. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. काकूंनी शाळा चौथीत सोडलेली. राजधान्या, ग्रह, रक्तगट, सगळं ऐकून ऐकून तोंडपाठ. बरोबर असेल ते बरोबर आणि तात्यांनी चुकीचं सांगितलं असेल तर तेही तसंच्या तसं चूक.

तात्यांचा आणखी एक नियम होता. ज्याचं उत्तर आपल्याजवळ नाही, ते विचारायचं नाही. आमच्यातल्या एकीनं एकदा विचारलं, "तात्या, मेल्यावर माणूस कुठं जातं?" तात्या थांबले. "तुला म्हाईत हाय का उत्तर?" ती म्हणाली, नाही. "मग त्यो प्रश्न न्हवं. ती चौकशी झाली. चौकशा देवळात करायच्या, हितं न्हाई." तेव्हापासून आमच्यात कोणी उगाच काही विचारलं की आम्ही म्हणायचो, चौकशी खिडकी तिकडं आहे.

या माणसाला प्रश्नांचं एवढं वेड कशानं लागलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचा थोरला भाऊ रानात घोणस चावून गेला. दवाखाना जवळ होता, पण घरच्यांनी आधी देवाच्या पायरीवर नेऊन निजवला, पाला चोळला, नारळ फोडले. "कुणी वाईट न्हवतं, संगे. समदे रडत हुते. पर कुणाला म्हाईतच न्हवतं, की दवाखान्यात इंजेक्शन असतंय." मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावून ते म्हणाले, "म्हाईत असतं तर भाऊ वाचला असता. म्हाईत असलेलं माणूस फुकाट मरत न्हाई." हे त्यांचं शेवटचं वाक्य त्यांनी आयुष्यभर जपलं. आम्हाला परीक्षेसाठी शिकवायचे, पण खरं तर ते माणसं वाचवायला निघाले होते, असं मला आता वाटतं.

आमच्याकडं वीज पडून दरसाल माणसं जातात. जनावरं तर किती जातात त्याला धरबंद नाही. म्हणून विजेचा प्रश्न तात्या फिरून फिरून टाकायचे. एकदा आभाळ गच्च भरलेलं, गाडीत तुडुंब माणसं, आणि तात्यांनी विचारलं, "इजा चमकाय लागल्यावर रस्त्यात सगळ्यात चांगली जागा कोणती?" कोणी म्हणालं चिंचेखाली, कोणी म्हणालं देवळाच्या शिखराखाली, एका म्हाताऱ्यानं तर "बायकोच्या मागं" असंही सांगून टाकलं. अंबाजोगाईला उतरताना तात्यांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. "ही! दारंखिडक्या लावून ह्या पत्र्याच्या डब्यात बसायचं. इज आली तर वरच्यावर पत्र्यातून खाली जाती. आपुन आत सुखरूप. आन् गाडी नसंल तर झाड सोडून खोलगटात पाय जुळवून बसायचं." आमचे ड्रायव्हर पठाणमामा त्या दिवसापासून गाडीला जरा मानानं पुसायला लागले.

त्याच प्रश्नानं एक मेंढका वाचला. तो त्या दिवशी मागच्या सीटवर होता. पुढं कधीतरी पावसात त्याची मेंढरं एकट्या बाभळीखाली गोळा झाली. त्यानं आरडाओरडा करून ती हाकलली आणि स्वतः खोलगट जागेत पाय जुळवून बसून राहिला. बाभळ जळाली. तो गडी काखेत कोकरू घेऊन तात्यांच्या दारात हजर! तात्यांनी कोकरू घेतलं नाही, पण चार दिवस त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. गाडीत चढले की आधी म्हणायचे, "बघा, वाचला का न्हाई?" काकू म्हणायच्या, "वाचला त्यो मेंढका, आन् मला रोज तीच कहाणी ऐकून मरण आलंय."

तो दिवस ऑक्टोबरचा. परतीच्या पावसाचे दिवस. सोयाबीन कापून प्रत्येकाच्या रानात ढीग लागलेले. तात्यांची थोडी जमीन होती, ती बघायच्या काकूच. तात्या क्लास संपवून संध्याकाळच्या गाडीला अंबाजोगाईच्या स्टँडवर आले. आमच्या गावच्या बाजूला आभाळ काळंकुट्ट. तात्यांनी माझ्यासमोर काकूंना फोन लावला. तात्यांना कानाला फोन लावून ऐकू यायचं नाही, स्पीकर लावायचे, म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"कौसे, ढग आलेत. रानात हायस का?"

"व्हय. ढिगावर ताडपत्री वढते आन् निघते."

"आधी घरी जा. इजा चमकाय लागल्या की मोकळ्या रानात…"

"उभं ऱ्हायचं न्हाई, झाडाखाली जायचं न्हाई, खांबाला हात लावायचा न्हाई. अवो पाठ हाय मला. नका शिकवू. एक टोक ऱ्हायलंय, त्यावर दगूड ठिवते आन् आले."

आणि त्या हसल्या. आमच्या ओसरीवर हसायच्या तशाच.

तात्या गाडीत चढले. प्रश्न टाकला, "चंद्रावर मोठ्यानं हाक मारली तर ऐकू कावून येत न्हाई?" लोक लागले कामाला. कोणी म्हणालं लांब आहे म्हणून, कोणी म्हणालं तिथं कोणी राहतच नाही तर ऐकणार कोण. लई हसले लोक. गाडी घाट चढून वर आली आणि तात्यांचा फोन वाजला. स्पीकर चालूच होता. त्यांच्या पुतण्याचा आवाज आला, "तात्या, काकूवर इज पडली. ढिगापाशीच." एवढंच. नंतर नुसता पावसाचा आवाज.

तात्या म्हणाले, "बरं." फोन खिशात ठेवला. पठाणमामांनी फाट्यापर्यंत गाडी कशी आणली देव जाणे. मधे दोन थांबे होते, तिथं उतरणारेही उतरले नाहीत. फाटा आला. तात्या उठले, मी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवला. दरवाजातून उतरले आणि चिखलात उभे राहिले. सवयीनं मागं वळले. तोंड उघडलं. आणि तसेच पावसात चालू लागले. चंद्रावरचं उत्तर आमच्या गाडीला कधीच मिळालं नाही.

नंतर कळलं, ताडपत्रीची तीन टोकं दगडांखाली नीट दाबलेली होती. चौथं काकूंच्या हातात.

महिनाभरानं तात्या पुन्हा गाडीत दिसू लागले. चढायचे, तिकिटाचे पैसे माझ्या हातावर ठेवायचे, खिडकीजवळ बसायचे. गाडीत नवा आलेला एक बेअक्कल माणूस एकदा म्हणाला, "का हो तात्या, आज प्रश्न न्हाई?" शेजारच्या बाईनं त्याला असा कोपरखळीचा दणका दिला की तो अंबाजोगाईपर्यंत बरगडी चोळत बसला. क्लासातली पोरं सांगायची, सर फळ्यावर लिहून देतात आणि बसून राहतात. प्रश्न विचारत नाहीत. ओसरीवर आता कोणी येत नव्हतं. मी एकदा भाकरी घेऊन गेले तर तात्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेले, आत तोंड करून. मी ताट ठेवलं आणि बाहेर येऊन रडले. माझी आई मेली तेव्हाही मी एवढी रडले नव्हते, खरं सांगते.

मग एक दिवस, उन्हाळा संपत आलेला, तात्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "प्रश्न."

सगळी गाडी सरसावून बसली. पठाणमामांनी इंजिन बंद केलं. मला इतका आनंद झाला की मी हातातलं तिकिटाचं यंत्र गच्च धरून उभी राहिले.

"माणसाला समदं म्हाईत हाय," तात्या म्हणाले. "इजेत मोकळ्या रानात उभं ऱ्हायचं न्हाई, म्हाईत हाय. तोंडपाठ हाय. तरीबी माणूस उभं ऱ्हातं. कावून?"

त्या गाडीत निम्म्या बाया होत्या आणि झाडून सगळ्यांची रानं होती. त्यांनी पदर नीट केले, खिडकीबाहेर बघितलं. सबंध रस्ता गाडी मुकी. अंबाजोगाई आलं. तात्या उतरायला लागले. मला राहवलं नाही.

"तात्या, उत्तर?"

ते खाली उतरून वळले. दाढी वाढलेली, डोळे कोरडे.

"उत्तर न्हाई माज्यापाशी, संगे," ते म्हणाले. "त्यो प्रश्न न्हवता. चौकशी केली."

त्या उन्हाळ्यातच त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावर घर आहे म्हणे. तिथं ते गॅलरीत बसतात. कोणाला काही विचारत नाहीत. फक्त टीव्हीवर आमच्याकडं पाऊस सांगितला की मला फोन करतात. "संगे, गाडीतच हायस ना?" एवढंच. मी म्हणते, गाडीतच आहे तात्या. ते म्हणतात, "बरं," आणि ठेवतात.

परवा संध्याकाळी तसंच आभाळ आलं. रस्त्याच्या कडेच्या रानात एक बाई एकटीच सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री ओढत होती. ती इकडून झाकायची तर वाऱ्यानं तिकडून उडायची. पठाणमामांनी न विचारता गाडी थांबवली आणि हॉर्न दाबून धरला; हे आम्ही आता नेहमी करतो. मी दारातून ओरडले, "ए मावशे, गाडीत ये! इज पडंल!"

ती ओरडली, "म्हाईत हाय की! व्हा तुमी म्होरं, यवढं झाकून आले!"

लख्खकन वीज चमकली. मी काय विचार केला, काही आठवत नाही. यंत्र सीटवर टाकलं, बांध ओलांडला आणि ताडपत्रीचं उडणारं टोक धरलं. पठाणमामा मागून बोंबलत होते. आम्ही दोघींनी मिळून ते टोक दाबलं, वर दगड ठेवला, अजून एक ठेवला, आणि चिखल तुडवत गाडीत येऊन पडलो. दारंखिडक्या लावल्या. तिच्या साडीतून पाणी गळत होतं, माझ्याही.

आणि फोन वाजला.

"संगे, तिकडं लई इजा सांगत्यात," तात्या म्हणाले. "गाडीतच हायस ना?"

"गाडीतच हाय, तात्या."

"उतरू नगं."

"न्हाई उतरले, तात्या. पाठ हाय मला."

तिकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. ती बाई पदर पिळत माझ्याकडं बघत होती. मी यंत्र पुसलं आणि तिला बायकांचं अर्धं तिकीट काढून दिलं.